निकाहनाम्यातील 'कुमारी' आणि आपण

निकाह हा संस्कार नसून करार आहे, असे मुस्लिम विचारवंत अभिमानाने सांगतात. ते खरेच आहे. पण करार म्हटला की दोन्ही पक्ष समान हवेत. बांगलादेशच्या निकाहनाम्यात वधू कुमारी, विधवा की घटस्फोटित, हे लिहून द्यावे लागे. वराला मात्र असा प्रश्नच नव्हता! महिला संघटनांनी २०१४ साली न्यायालयात दाद मागितली. २५ ऑगस्ट २०१९ रोजी तेथील उच्च न्यायालयाने 'कुमारी' काढून 'अविवाहित' लिहावे, वराचीही तशीच माहिती घ्यावी, असा आदेश दिला. या भगिनींचे आम्ही अभिनंदन करतो.

हा शब्द नुसता कागदावरचा नाही. इस्लामी धर्मशास्त्रात कुमारिकेचे मौन हीच तिची संमती मानली जाते. विधवेने वा घटस्फोटितेने मात्र तोंडाने होकार द्यायचा. हनफी पंथ सज्ञान कुमारिकेवर लग्न लादू देत नाही, शाफी पंथ बापाला तो अधिकार देतो. म्हणजे बाईला आवाज किती, हे तिच्या कौमार्यावरून ठरते!

वास्तविक पैगंबरांची पहिली पत्नी खदीजा विधवा होती. कुराणाने व्यभिचाराची शिक्षा स्त्री-पुरुषांना सारखीच सांगितली आहे. चार साक्षीदार न आणता शीलवान स्त्रीवर आळ घेणाऱ्याला ऐंशी फटके सांगितले आहेत. मग परीक्षा एकट्या मुलीचीच का? मौलवींनी याचे उत्तर द्यावे.

हे वाचून मनुवाद्यांनी टाळ्या पिटू नयेत. मुलगी दान देण्याची वस्तू मानणाऱ्या 'कन्यादाना'चे काय? आपल्याच महाराष्ट्रात कंजारभाट जातपंचायत नववधूच्या पांढऱ्या चादरीवर निवाडा देत आली. त्याच समाजातील तरुणांनी २०१८ साली त्याविरुद्ध बंड केले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कौमार्य चाचणीला कोणताही वैज्ञानिक आधार नसल्याचे बजावले.

बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवून दिले की, जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून, आणि त्यासाठी स्त्रीला बंधनात जखडावे लागते. कौमार्याचा बडेजाव हा त्याच बेडीचा एक दुवा आहे. धर्म कोणताही असो, बेडी तीच!

आपण लग्नपत्रिकेत वर आणि वधू दोघांच्याही नावामागे 'आयु.' लिहितो. पण अजूनही काही घरांत मुलीच्या नावामागे 'कु.' येतेच. मुलाच्या नावामागे ते कधी पाहिले आहे काय? बांधवांनो, दुसऱ्याचा निकाहनामा तपासताना आपली पत्रिकाही एकदा तपासू या.