टिंब दिले, की गाडी थांबते

‘पळण्यावर टिंब दिले, की गाडी थांबते. (२)’

उत्तर: दौंड. ‘दौड’वर अनुस्वार ठेवायचा, की मनमाडचा फाटा फुटतो ते जंक्शन हजर. शब्दकोड्यातले चांगले सूचक असे असते: वाचणाऱ्याला चकवते, पण खोटे बोलत नाही.

कोडे सोडवणाऱ्याला दौंड सोपे. रचणाऱ्याची मात्र ते परीक्षा घेते. इंग्रजी कोड्यात एका घरात एक सुटे लेटर बसते. आपल्याकडे अख्खे अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. आता ‘दौं’ असलेला दुसरा शब्द आणायचा कुठून? मला तरी सापडलेला नाही. शिरूरचे तसे नाही. ‘शि’ला शिदोरी मिळते, ‘रू’ला पाखरू, आणि ‘र’ची तर ददातच नाही. न्हावरे पाहून धडकी भरते, पण पुन्हा आणि उन्हाळा मदतीला धावतात. यवत म्हणजे चैन! तिन्ही अक्षरे कोरी. काही कोडेकार ऱ्हस्व-दीर्घाची सूट घेतात. मला ती पळवाट वाटते.

दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांतली गावे चौकटीत कोंबली म्हणजे विषयाचे कोडे झाले, असे नव्हे. ती एसटीची पाटी झाली. विषयाला गंमत लागते. शिरूरचे दुसरे नाव घोडनदी. त्याच्या जोडीला घोडदौड आणि घोडचूक घ्या. तिन्ही शब्द चार-चार घरांचे, पण पहिल्यातली ‘घोड’ भीमेला जाऊन मिळणारी नदी, दुसऱ्यात खरा घोडा, आणि तिसऱ्यात घोडाही नाही नि नदीही नाही, नुसता चुकीचा आकार. सोडवणाऱ्याला हे तिसऱ्या शब्दावर उमगले पाहिजे, त्याआधी नाही. शिवाय घोडनदी आडवी लिहिली, की तिच्या ‘ड’वर उभे दौंड येऊन उतरते. ‘दौं’ वर एकटाच राहतो, कोणाशी गाठ न पडता.

या कलेतला माझा आवडता पराक्रम ५ नोव्हेंबर १९९६चा. अमेरिकेत अध्यक्षपदाचे मतदान होते त्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जेरेमाया फॅरेल यांचे कोडे आले. ‘उद्याची मुख्य बातमी’ या सूचकाला क्लिंटन लिहा किंवा बॉब डोल, दोन्ही बरोबर! इंग्रजीत दोघांची सात-सात अक्षरे, आणि छेदणारे शब्दही दुहेरी: हॅलोवीनचा काळा प्राणी म्हणजे ‘कॅट’ किंवा ‘बॅट’. मराठीत ही युक्ती जागीच कोसळते. क्लिंटन तीन घरांत मावतात, बॉब डोलना चार लागतात. आपल्या युक्त्या आपल्याच अक्षरांतून काढाव्या लागतात.

एक तुमच्यासाठी: ‘पाण्याच्या भांड्याचे गाव, आठांतला एक. (५)’ उत्तर छापत नाही. पुण्याहून नगर रस्त्याने शिरूरला निघालात, तर वाटेतच लागेल.