भिंतीत खुर्ची रोवणारा वारा

पोरांनो, ऐन चैत्रात रानात वावटळ उठते, पालापाचोळा अन् चिपाडं गरागरा फिरवत बांध ओलांडून जाते, आणि आमची आजी म्हणायची, तिच्यात भूत असतं, आडवं जाऊ नका. तर ती वावटळ तापलेल्या भुईवरून वर चढते, पण आज सांगतोय तो टोर्नेडो वरच्या वादळी ढगाला जोडलेला असतो.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात जॉप्लिन नावाचं पन्नास हजार वस्तीचं शहर. 22 मे 2011, रविवार. हायस्कूलच्या पोरांचा पदवीचा सोहळा नुकता उरकलेला. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट, ऊबदार वारा येत होता, वर थंड हवा, अन् खालच्या-वरच्या वाऱ्यांची दिशा वेगळी, जोरही वेगळा. अशा ओढाताणीत हवेची आडवी गुंडाळी होते, उसळता ढग तिला उभी करतो, आणि ती आवळत गेली की वेग वाढतो, फुगडीत पोरी हात आखडून जवळ आल्या की कशा भरारा फिरतात, तस्संच! असे फिरते ढग पुष्कळ, पण थोड्यांचाच वारा भुईला टेकतो, आणि ते का, हे कोडं शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं सुटलेलं नाही.

जॉप्लिनमध्ये मात्र तो टेकला. धोक्याचा पहिला भोंगा त्याच्या अर्धा तास आधीच झाला होता. पण तिकडं भोंगे नेहमीचेच, म्हणून पुष्कळजण आधी दारात येऊन आभाळ बघत राहिले, आणि वादळ तर पावसात असं गुरफटलेलं की जवळ येईतो दिसलंच नाही. ताशी 320 किलोमीटरहून जास्त वेग, रुंदी जवळजवळ मैलभर. दीडशेवर माणसं गेली हो. मोठ्या इस्पितळाच्या काचा फुटल्या, जनरेटरही बंद पडलं, तरी तिथल्या लोकांनी 183 रुग्ण अंधाऱ्या जिन्यांवरून दीडएक तासात बाहेर काढले. केवढी छाती!

नंतर एका इमारतीच्या बाहेरच्या भिंतीत खुर्ची सापडली, चारही पाय आत रुतलेले. आणि त्याच वाऱ्यानं इस्पितळातले एक्स-रे अन् घराघरांतले फोटो अलगद वर उचलले, वरच्या वाऱ्याच्या हवाली केले, ते शंभरएक किलोमीटरवरच्या शिवारांत जाऊन पडले. शेजारच्या कार्थेज गावात चर्चच्या मंडळींनी असे फोटो गोळा केले, त्यांच्यावरचा चिखल पुसला, सुकवले, आणि ज्याचे त्याला पोचवत राहिले.