सवलत कोणाच्या पदरात?

३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील एका बहुचर्चित करसवलतीची मुदत संपली. विजेवर चालणारी नवी मोटार घेणाऱ्यास प्राप्तिकरात साडेसात हजार डॉलरपर्यंत सूट देणाऱ्या या तरतुदीचे मूळ २००८ सालच्या कायद्यात आहे. ती २०३२ अखेरपर्यंत चालू राहील, असे २०२२ च्या कायद्याने सांगितले होते. परंतु ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या नव्या कायद्याने तिचे आयुष्य तीन महिन्यांच्या आत संपविले. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. मुदत संपण्यापूर्वीच्या तिमाहीत विजेच्या मोटारींच्या विक्रीने उच्चांक गाठला आणि नंतरच्या तिमाहीत विक्री घसरली. हा चढउतार बाजारपेठेपुरता मानून सोडून देता येईल. परंतु या दीर्घ प्रयोगाने उभा केलेला प्रश्न अधिक मूलभूत आहे. सरकार कराच्या मार्गाने सवलत देते, तेव्हा ती नेमकी कोणाच्या पदरात पडते?

येथे वजावट आणि सूट यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. वजावट करपात्र उत्पन्नातून मिळते. सूट मात्र प्रत्यक्ष देय करातूनच कमी होते. त्यामुळे सूट ही वजावटीपेक्षा उदार वाटते आणि पुष्कळ अंशी ती तशी आहेही. परंतु अमेरिकेच्या या कायद्यात एक मेख होती. सूट देय कराच्या रकमेपुरतीच मिळे. ज्याचा वर्षाचा एकूण कर चार हजार डॉलर होई, त्याला चार हजारच मिळत. उरलेले साडेतीन हजार ना रोख मिळत, ना पुढील वर्षी ओढता येत. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? सुस्थित गृहस्थास पूर्ण लाभ आणि बेताच्या मिळकतीच्या नोकरदारास अर्धामुर्धा, असा हा उफराटा न्याय होता. शिवाय मोटारीची पूर्ण किंमत आधी मोजावी लागे आणि सवलतीचे पैसे पुढल्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर हाती येत.

दुसरा दोष उत्पादकांच्या बाबतीत होता. एखाद्या कंपनीच्या दोन लाख गाड्या विकल्या गेल्या, की तिच्या ग्राहकांची सवलत टप्प्याटप्प्याने बंद होई. टेस्ला कंपनीने २०१८ च्या मध्यास ही मर्यादा गाठली, त्याच वर्षाच्या अखेरीस जनरल मोटर्सनेही ती गाठली. २०२० च्या वसंतापर्यंत दोघींच्याही ग्राहकांना काही उरले नाही. ज्यांनी नव्या वाटेवर आधी पाऊल टाकले त्यांचेच ग्राहक रिक्तहस्त राहिले आणि मागाहून आलेल्या कंपन्यांच्या ग्राहकांस पूर्ण रक्कम मिळत राहिली.

१६ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी संमत केलेल्या कायद्याने हे दोष काढण्याचा प्रयत्न केला. दोन लाखांची अट गेली. एकट्या करदात्याचे उत्पन्न दीड लाख डॉलरपेक्षा आणि दांपत्याचे तीन लाखांपेक्षा अधिक असल्यास सवलत नाही, असे ठरले. साध्या मोटारीची किंमत ५५ हजार डॉलरच्या आत हवी, असेही बंधन आले. पंचवीस हजार डॉलरपर्यंतच्या वापरलेल्या गाडीसाठी चार हजार डॉलरपर्यंतची वेगळी सूट प्रथमच देण्यात आली. जुनी गाडी घेणाऱ्या सामान्य माणसाचा विचार कायद्यात शिरण्यास चौदा वर्षे लागली.

सर्वांत शहाणपणाचा बदल १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. ग्राहकाने आपली सवलत विक्रेत्याच्या नावे करून द्यावी आणि किमतीतूनच ती तेथल्या तेथे वजा करून घ्यावी, अशी सोय झाली. अशा व्यवहारात देय कर कमी असला, तरी सवलतीचा फरक परत मागितला जात नसे. केवळ उत्पन्नाची मर्यादा ओलांडल्याचे आढळले, तर रक्कम परत करणे भाग होते. बेताच्या मिळकतीच्या ग्राहकावरील अन्याय अशा रीतीने दूर झाला.

परंतु त्याच कायद्याने दुसऱ्या हाताने गुंताही वाढविला. गाडीची अंतिम जुळणी उत्तर अमेरिकेत हवी; बॅटरीतील खनिजे व भाग ठराविक प्रमाणात ठराविक देशांतलेच हवेत; चीनसारख्या देशांशी संबंधित पुरवठादार चालणार नाहीत. या अटींमागील औद्योगिक हेतू समजण्यासारखा आहे. पण कोणत्या गाडीवर पूर्ण रक्कम, कोणत्या गाडीवर निम्मी आणि कोणत्या गाडीवर शून्य, हे ग्राहकास सरकारी यादी पाहिल्यावाचून कळेनासे झाले. उलट भाडेपट्ट्याने घेतलेली गाडी व्यापारी सवलतीखाली येऊन यांतील बहुतेक अटींतून सुटे. समोरचा दरवाजा बंद आणि खिडकी सताड उघडी, असा हा प्रकार होता.

या सवलतीच्या टीकाकारांचे म्हणणे निराधार नव्हते. एरवीही ज्यांनी गाडी घेतलीच असती, त्यांना सर्वांच्या करातून बक्षीस का द्यावे, हा त्यांचा सवाल रास्त होता. मात्र त्याचे उत्तर सवलत अधिक नेमकी करण्यात होते. २०३२ अखेरची तारीख कायद्यात लिहून ती तीन महिन्यांवर आणणे हे त्याचे उत्तर नव्हे. ज्यांनी त्या तारखेच्या भरवशावर कारखाने उभारले आणि ज्यांनी दोन वर्षांनी गाडी घेण्याचा बेत केला, त्या दोघांच्याही विश्वासाला यामुळे तडा गेला.

आपल्याकडचा अनुभव याहून फार निराळा नाही. २०१९ च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकर कायद्यात ८० ईईबी हे कलम आणले. विजेच्या वाहनासाठी १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत वजावट मिळाली. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याने ती पूर्ण वापरली, तर त्याचे पंचेचाळीस हजार रुपये वाचत. पाच लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्यास करच नव्हता. कर्जावर दुचाकी घेणाऱ्या अशा गृहस्थास या कलमाचा उपयोग शून्य. भरीस भर म्हणजे २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होऊ लागली आणि तिच्यात ही वजावट नाही. त्या चार वर्षांत कर्ज घेऊन ते अद्याप फेडत असलेल्या करदात्याने दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडल्याखेरीज विवरणपत्र भरू नये, एवढे तरी येथे सांगितले पाहिजे.

याउलट १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्याचा लाभ प्रत्येक ग्राहकास किमतीतच मिळाला. त्यासाठी सनदी लेखापाल लागला नाही आणि विवरणपत्राची वाट पाहावी लागली नाही. अमेरिकेस जे २०२४ साली उमगले, ते हेच होय. सवलत द्यावयाची तर ती दुकानाच्या उंबरठ्यावर मिळावी, तिची मुदत आधी जाहीर व्हावी आणि जाहीर झालेली मुदत पाळली जावी. धुराने कोंदलेल्या शहरात श्वास घेणारा माणूस किती कर भरतो, हे हवा विचारीत नाही. त्या हवेच्या नावाने दिलेल्या सवलतीनेही ते विचारू नये.