कायदा आणि छावणी : विंडोलांडा येथील रोमन सैनिकांचे कौटुंबिक जीवन

रोमन सैनिकास सेवाकाळात विवाह करण्याची मनाई होती. सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरस याने इ. स. 197 च्या सुमारास ती उठविली, असे सामान्यतः मानले जाते. तेव्हा तत्पूर्वीची छावणी म्हणजे कुटुंबहीन पुरुषांची वसाहत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. उत्तर ब्रिटनमधील विंडोलांडा येथील पुरावा तो मोह आवरावयास लावतो.

हेड्रिअनची भिंत इ. स. 122 मध्ये बांधावयास घेतली गेली. त्यापूर्वीच येथे लाकडी किल्ला उभा होता. त्याच्या ओलसर थरांत 1973 पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत आल्या आहेत. इ. स. 100 च्या सुमारास येथील बटाव्हिअन पथकाचा अधिपती फ्लेव्हिअस सेरिआलिस हा होता. त्याची पत्नी सुल्पिशिआ लेपिडिना हिला क्लॉडिआ सेव्हेरा या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या पत्नीने 11 सप्टेंबर रोजी येणाऱ्या आपल्या वाढदिवसाचे आमंत्रण धाडले. मजकूर लेखनिकाचा असला, तरी अखेरच्या आपुलकीच्या ओळी सेव्हेराच्या स्वहस्ताक्षरात आहेत. स्त्रीच्या हातच्या ज्ञात लॅटिन लेखनात त्यांची गणना सर्वांत जुन्या नमुन्यांत होते.

परंतु अधिपतीस कुटुंब जवळ ठेवण्याची मुभा होती. सबब हे पत्र सामान्य शिपायाविषयी काहीच सिद्ध करीत नाही. त्याकरिता चामड्याच्या जोड्यांकडे वळावे लागते. स्त्रियांच्या व बालकांच्या मापाचे जोडे अधिपतीच्या निवासाप्रमाणेच शिपायांच्या बराकींतही मिळाले आहेत. तटाच्या आत कुटुंबांचा वावर होता, असे अनुमान त्यावरून निघते.

खुद्द शासनही या वस्तुस्थितीविषयी अनभिज्ञ नव्हते. साहाय्यक पथकांतील शिपायास पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या कांस्यपटावर नागरिकत्वाबरोबरच, त्या वेळी असलेल्या पत्नीशी विधिवत् विवाहाचा अधिकारही नमूद असे. म्हणजे जो संबंध कायदा नाकारी, तोच शासन गृहीत धरी. या विसंगतीचा भार मुख्यतः मुलांवर पडे. बापाच्या सेवाकाळात जन्मलेली मुले अनौरस ठरत. इ. स. 119 मध्ये हेड्रिअनने ईजिप्तमधील अशा मुलांना रक्ताचे नातलग म्हणून वारसा मागण्याची सवलत दिली, उलट इ. स. 140 नंतर साहाय्यक सैनिकांच्या अशा मुलांना पित्याबरोबर नागरिकत्व देण्याची प्रथा सामान्यतः बंद पडली.

सारांश, निषेधाचा कायदा हा आचरणाच्या अभावाचा पुरावा नव्हे. प्रांतिक समाजाच्या अभ्यासकाने राजाज्ञा जितक्या काळजीने वाचावी, तितक्याच काळजीने बालकाचा झिजलेला जोडाही पाहावा.