सकाळच्या शिंका: सर्दी की ॲलर्जी?

आजचा भाग शिंकांवर. उठल्या उठल्या ओळीने आठ-दहा शिंका, नाक गळतंय, डोळे चोळून लाल. आपण म्हणतो, "सर्दी झालीय." पण ताप नाही, अंगदुखी नाही, नाक-डोळ्यांना खाज आहे आणि दोन-दोन आठवडे हेच चाललंय? मग ॲलर्जीचा संशय घ्या.

होतं काय, तर धुळीसारख्या साध्या गोष्टीला शरीर शत्रू समजतं आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार ठेवतं. पुन्हा ती धूळ नाकात गेली की तिथल्या पेशी हिस्टामिन सोडतात. शिंका, खाज, पाणी ही मुख्यतः त्याचीच करामत.

घरातला नेहमीचा आरोपी म्हणजे डस्ट माइट. नुसत्या डोळ्यांना सहज न दिसणारा हा जीव गादी-उशीत राहतो आणि आपल्या त्वचेचा गळलेला कोंडा खातो. त्याची विष्ठा आपल्याला बाधते. दमट हवा त्याला मानवते. म्हणून चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

आता औषधं. प्रत्येकाचं काम वेगळं, आणि गोंधळ इथेच होतो.

सेटिरिझिनसारखी गोळी हिस्टामिनचा परिणाम अडवते. शिंका, खाज कमी होते, पण चोंदलेलं नाक तेवढं सुटत नाही. काहींना झोप येते, तेव्हा गोळी घेऊन लगेच गाडी चालवू नका.

स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे सूजच कमी करतो. पण तो रोज मारावा लागतो आणि पूर्ण गुण यायला काही दिवस जातात. दोन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. सुरू मात्र डॉक्टरांना विचारूनच करा.

तिसरे, नाक झटकन मोकळं करणारे थेंब: झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतात. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर उलटंच होतं. थेंबांचा असर उतरला की नाक आणखी चोंदतं, पुन्हा थेंब लागतात, आणि मग बाटली सुटत नाही. म्हणून बाटलीवरचं औषधाचं नाव आधी वाचा.

आणि एक, ॲलर्जीत ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर गोळीची वाट बघू नका. थेट 108 ला फोन करा.

भेटू पुढच्या भागात. तोवर उशीचा अभ्रा बदला!