बर्फाच्या शेजारी राहणारा हमिंगबर्ड

हमिंगबर्ड म्हणजे उष्ण, दमट जंगलातला पक्षी, असं बहुतेकांना वाटतं. इक्वाडोरियन हिलस्टारला मात्र जंगल लागतच नाही. इक्वाडोरच्या अँडीज पर्वतात वृक्षरेषेच्या वर ‘पारामो’ हा गवताळ प्रदेश लागतो. ताठ गवताचे झुबके, खुरटी झुडपं, बोचरा वारा आणि रात्री शून्याखाली उतरणारा पारा, असा तिथला कारभार. हिलस्टार राहतो तो साधारण ३५०० मीटरच्या वर. चिंबोराझो ज्वालामुखीच्या उतारावर तर तो बर्फाच्या जवळपास दिसतो. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचली, तरी त्याचं घर वरच राहील.

‘हमिंगबर्ड हवेत तरंगूनच मध पितो’ हेही इथे पुरतं खरं नाही. विरळ हवेत पंखांना पुरेसा आधार मिळत नाही आणि प्राणवायूही कमी. मग जेमतेम आठ ग्रॅमचा हा पक्षी सरळ फुलाशेजारी बसतो. चुकिराग्वा हे त्याचं आवडतं झुडूप: पानं टोकदार, बोचरी, फुलं केशरी. मजबूत पायांनी फांदी पकडायची, चोच खुपसायची आणि मध ओढायचा. तरंगण्यात जाणारी शक्ती वाचते. नुसत्या मधावर भागत नाही, ते वेगळंच. प्रथिनांसाठी किडे टिपावे लागतात.

एवढासा जीव गारठ्यात रात्रभर तगतो कसा? तो झोपतो, हे उत्तर अपुरं आहे. हमिंगबर्डच्या शरीराचं तापमान एरवी ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. रात्री ते मुद्दाम खाली आणलं जातं, हृदयाचे ठोके मंदावतात, हालचाल थांबते. हात लावला तर मेला असंच वाटावं. पेरूच्या अँडीजमधल्या ब्लॅक मेटलटेल या हमिंगबर्डचं तापमान ३.३ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. उजाडायच्या सुमारास स्नायू थरथरवून शरीर पुन्हा तापवलं जातं. हिलस्टारचं कुळही हीच युक्ती वापरतं. घरटं गुहेत किंवा पुढे आलेल्या कड्याखाली बांधलेलं असतं. अंडी दोन. पिल्लांचा सगळा भार मादीवर. नर त्या भानगडीत पडत नाही.

आपल्याकडे जास्वंदीवर येतो तो हमिंगबर्ड नव्हे, शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आणि आसपासच्या बेटांवर आढळतात.

शेवटचा गैरसमज पक्ष्याबद्दल नाही, त्याच्या घराबद्दल आहे, आणि आपल्या माळरानांमुळे तो आपल्यालाही चांगलाच ओळखीचा आहे: गवत म्हणजे पडीक जमीन. गुरांना कोवळा चारा मिळावा म्हणून पारामो जाळला जातो, नांगरलाही जातो. प्रत्यक्षात तिथली काळी, भुसभुशीत माती पाऊस आणि धुकं जिरवून घेते आणि वर्षभर हळूहळू सोडते. इक्वाडोरची राजधानी कीटो पिते ते पाणी मुख्यतः या डोंगरांतूनच येतं.