कॅसिनो : खेळ नशिबाचा, हिशेब गणिताचा

द्यूत आपणांस नवे नाही. परंतु कॅसिनो ही मूळची युरोपातील संस्था होय. उत्सवकाळातील अनिर्बंध जुगारास आळा बसावा म्हणून व्हेनिसच्या महासभेने १६३८ मध्ये ‘रिदोत्तो’ हे जुगारगृह उघडले; नीती व शिस्त यांच्या रक्षणार्थ १७७४ मध्ये ते बंदही केले. मोनाको संस्थानातील कॅसिनोची सूत्रे १८६३ मध्ये फ्रान्स्वा ब्लाँ यांच्याकडे आली. त्याचे उत्पन्न इतके वाढले की, १८६९ मध्ये संस्थानाने प्रत्यक्ष कर रद्द केले. स्वतःच्या नागरिकांना मात्र तेथे खेळण्यास मनाई केली! अमेरिकेतील नेवाडा राज्याने महामंदीच्या काळात, १९३१ मध्ये, जुगारास कायदेशीर मान्यता दिली.

कॅसिनोचा नफा नशिबावर अवलंबून नसतो. युरोपीय पद्धतीच्या रूलेट चक्रावर शून्य ते छत्तीस असे ३७ अंक असतात. प्रत्येक अंकावर एक रुपया लावला, तर ३७ रुपये खर्ची पडतात. जिंकणाऱ्या अंकावर ३५ रुपये व मूळचा एक, असे ३६ रुपये परत मिळतात. उरलेला एक रुपया कॅसिनोचा. म्हणजे पणास लागलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे. हा वाटा अल्प भासतो. पण तीच रक्कम पुनःपुन्हा पणास लागते आणि प्रत्येक फेरीत ती झिजत जाते. एखादा खेळाडू जिंकतोही. दीर्घकाळात जिंकतो तो कॅसिनोच.

राज्यघटनेनुसार जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. गोव्याने १९७६ च्या आपल्या कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रांना परवानगी दिली. पुढे जहाजांवरील खेळांनाही मुभा मिळाली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनो नियंत्रण व कर अधिनियम संमत केला होता. मात्र तो कधीच अमलात आला नाही. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

कॅसिनोपासून मिळणारा महसूल मोजता येतो. उद्ध्वस्त झालेल्या संसारांची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही. कायदा आपल्या जागी आवश्यकच आहे. पण ३७ रुपये घेऊन ३६ परत देणारा हा हिशेब शाळेच्या फळ्यावर आणि ग्रामसभेत समजावून सांगितला, तर तोही कायद्याइतकाच उपयोगी पडेल.